सोपं करता येतं का

आई, हे तुला पोचणार नाही हे धरूनच लिहायला बसलोय. तू गेलीस त्या वयाच्या पुढं मी आता चार वर्षं आलो. नांदेडला असतो, पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो आणि व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा एक ग्रुप चालवतो. हसू नकोस. ग्रुप फोनवरचा आहे, नांदेड-लातूरकडचे साठेक जण त्यात आहेत. बहुतेक पंचविशी-तिशीतले, मी सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांचा काका. नवा गेम कोणता आला, कोणता पुन्हा लांबला, नव्या मशीनचा कुठून तरी बाहेर आलेला फोटो खरा की बनावट, यावर सकाळपासून चर्चा चालते. एकजण सांगतो, "माझ्या दोस्ताचा भाऊ हैदराबादला दुकानात हाय, नवीन मशीन दसऱ्याला यायलंय म्हणं." दसरा जातो. मग तोच म्हणतो, संक्रांतीला. त्याला कुणी जाब विचारत नाही, कारण वाट बघायला सगळ्यांनाच आवडतं.

गेल्या महिन्यात एक गेम आला, फार अवघड. पहिल्याच राक्षसापाशी लोक चाळीस-चाळीस वेळा मरतात आणि ते अभिमानानं सांगतात. त्यात सोपी पातळी ठेवलेलीच नाही. ग्रुपवर सहसा न बोलणाऱ्या लातूरच्या एकानं लिहिलं, "हे कुठं सोपं करता येतंय का? माझी उजव्या हाताची दोन बोटं दालमिलमधी गेलेली हायत. बटणं दाबायला टाइम लागायलाय." त्यावर भराभर उत्तरं आली. "भाऊ, अवघड हाय म्हणूनच तर लई भारी हाय." "सोपं पाहिजे तर दुसरे गेम हायत की." कुणी वाईट नव्हतं त्यात, आपल्या आवडीच्या गोष्टीची बाजू घेत होते एवढंच. मग एकानं लिहिलं, "काका, तुम्हीच सांगा." मी चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. परत लिहिल्या, परत पुसल्या.

मला अजून दिसतं, आपल्या देगलूरच्या घरात पुढच्या खोलीत टीव्ही आहे. मामानं हैदराबादहून आणलेला टीव्ही गेम त्याला जोडलेला आहे. आणला माझ्यासाठी, पण खेळतेस तू. घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरांना दिवसभर मराठी शिकवून पाचला येतेस, पर्स खुंटीला अडकवतेस आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसतेस. "एकच डाव खेळते, मग भाकरी टाकते." कॅसेट एकच, नावेची. आठ नद्या, प्रत्येक नदीत खडक आणि भोवरे, आणि नाव फुटू न देता पलीकडं न्यायची. तू कायम अवघडच घ्यायचीस. तुझे अंगठे इतके हलके फिरायचे की नाव आपोआप चाललीय असं वाटायचं. बाबा एसटी डेपोतून येऊन दारातच उभे राहायचे. "मास्तरीणबाई, चहा मिळंल का?" आणि तू मान न वळवता म्हणायचीस, "खडक आलाय, थांबा." ते खरंच थांबायचे. नंतर नंतर चहा तेच करायला लागले. एकदा मी हरलो म्हणून गेमचा रिमोट भिंतीवर फेकला. तू मारलं नाहीस. रिमोट उचलून पुसलास आणि म्हणालीस, "हरला तू, आन् शिक्षा त्याला? आठ दिवस हात लावायचा नाही." नवव्या दिवशी तूच तो माझ्या हातात आणून दिलास.

मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा संधिवातानं तुझी बोटं धरली. सकाळी पीठ मळता यायचं नाही, खडू दोन्ही हातांनी धरायचीस. त्या दिवाळीत मी एका मित्राला घेऊन घरी आलो होतो. तुला भारी कौतुक, म्हणालीस, चला, डाव लावू. रिमोट तू तळहातात दाबून धरला होतास. पहिल्याच नदीत नाव तीनदा फुटली. मग सुरुवातीच्या पडद्यावर सोपा, मधला, अवघड असे पर्याय येतात तिथं तू थांबलीस आणि हळूच विचारलंस, "ह्या वेळेस जरा सोपं घेऊ का रे?" मी मित्राकडं बघत म्हणालो, "सोपं घेऊन जिंकलं तर ते जिंकणं धरत न्हाईत, आई." मित्र हसला. तू "बरं" म्हणालीस, रिमोट खाली ठेवलास आणि आत जाऊन आमच्यासाठी चिवडा घेऊन आलीस. त्यानंतर तू खेळली नाहीस. विचारलं की म्हणायचीस, वेळच होत न्हाई.

माफी मागता आली असती. ती काही जमली नाही, म्हणून मी एक गोष्ट रचली. एसटीडीवरून तुला सांगितलं की नावेचा दुसरा भाग यायलाय, त्यात रिमोट मोठा आहे, नुसत्या तळहातानं दाबता येतो. तू लगेच विचारलंस, "कधी?" मी म्हणालो, उन्हाळ्यात. तू शाळेतल्या बाईंना सांगितलंस, बाबांना सांगितलंस. दर फोनला विचारायचीस आणि मी दर वेळी म्हणायचो, अजून नाही, पण येणार हे नक्की. मग तुला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. नवव्या दिवशी तू डोळे उघडून विचारलंस, "ती नवीन नाव आली का रे?" मी म्हणालो, "येईल." तू मान हलवलीस.

हे सगळं ग्रुपवर लिहिता येत नव्हतं. त्या माणसाला उत्तर तर द्यायचं होतं. आणि मी लिहिलं काय, "ऐकलंय की पुढच्या अपडेटमध्ये सोपी पातळी देणार आहेत." लिहून झाल्यावर माझं मलाच कळलं मी काय केलं ते. तोवर त्याचं उत्तर आलं होतं, "खरंच का काका? मग थांबतो मी." संध्याकाळी तीच बातमी दुसऱ्या एका ग्रुपवरून फिरून माझ्याकडं आली, खात्रीची म्हणून. मी खोडून काढायला गेलो तर लोक मलाच समजवायला लागले की काका, तुम्हाला माहीत नाही, पक्की खबर हाय.

लातूरच्या त्या माणसानं दर रविवारी विचारायला सुरुवात केली. तीन रविवार मी "बघू" म्हणत काढले, चौथ्या रविवारी सकाळच्या एसटीनं लातूरला गेलो. तो आता मिलच्या गेटवर राखणीला बसतो. काका स्वतः घरी आले म्हणून त्याला कोण आनंद. त्याच्या बायकोनं मुरमुऱ्यांची सुशीला केली होती. रिमोट मांडीवर टेकवून, तीन बोटांनी तो मला त्याचा सराव दाखवत होता. "अपडेट येईपर्यंत हात तर बसू द्यावा म्हटलं." मी सांगितलं. ती बातमी खरी नव्हती, मी मनानंच लिहिली होती. त्यानं गेम थांबवला.

"म्हंजे यायलंच न्हाई?"

"मला माहीत नाही. कुणीच तसं म्हणालेलं नाही."

"मग कशाला सांगितलं काका? मी रोज उठून बघायलो की."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सुशीला गार व्हायलीय, खाऊन घ्या," आणि परत खेळायला लागला. मी शेजारी बसलो. तो त्याच राक्षसाच्या हातून मरत होता, परत उठत होता, आणि प्रत्येक वेळी तो बटण एका क्षणानं उशिरा दाबतोय हे मला दिसत होतं. "एवढा टप्पा मी पार करून देऊ?" मी विचारलं. "नको काका," तो म्हणाला. तीनच्या गाडीपर्यंत मी तिथंच बसून होतो. काल तो ग्रुपमधून बाहेर पडला.

माफी मागायला म्हणून हे लिहायला घेतलं, आणि इतकं लिहूनही ती कशी मागायची हे मला कळलेलं नाही. कागद कपाटात ठेवून देईन. पण एक सांगतो, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नववीत असताना मी आठही नद्या अवघडमध्ये पार केल्या म्हणालो होतो आणि तू गल्लीभर कौतुक करत फिरली होतीस. माझी शाळा सकाळची होती. दुपारी घरात कुणी नसायचं तेव्हा मी सोपं घेऊन खेळायचो. अवघडमध्ये तिसऱ्या नदीच्या पुढं मी कधीच गेलो नाही. तू सहाव्या नदीपर्यंत गेली होतीस.