जुन्या चावीचं नवं कुलूप

मांडवी, रत्नागिरी
सोमवार

प्रिय आई,

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गाडीची डिकी उघडली. नवं कुलूप, जुनी चावी! वेळ मी लगेच पाहिली, पण त्याच्याही आधी अंगणात ओरडले, आणि इतक्या जोरात की शेजारच्या सुंदराबाई हातातल्या कोयत्यासकट दगडी गडग्याशी धावत आल्या. त्यांना वाटलं, साप निघाला. डिकी उघडली म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगो, माझ्या घरात नातू झाला तेव्हा पण कोण एवढं बोंबललं नव्हतं." मी ओरडू शकते याचं त्यांच्यापेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटलं. हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपण दोघी पाऊस, शाळा आणि जेवलीस का, यापलीकडे जात नाही. शिवाय या गोष्टीत मापं आहेत, आणि मापं लिहूनच कळवावीत असं मला वाटतं.

पहिल्यापासून सांगते. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी बाबा बाजारातून सुके बोंबील घेऊन आले. पिशवी डिकीत टाकून त्यांनी डिकी आपटून लावली आणि घरी आल्यावर ती उघडेना. चावी आत जात होती, पण फिरत नव्हती. मला विचारायचं सोडून त्यांनी चावीला पक्कड लावली. चावी शाबूत राहिली, कुलूप मात्र आतून मोडलं. हे त्यांनी मला चार दिवस सांगितलं नाही. पाचव्या दिवशी बोंबलांनी सांगितलं. मग मी मागची सीट पाडून आडवी होऊन आत शिरले, तोंडात बॅटरी धरून डिकीच्या दाराचं आतलं आवरण काढलं आणि कुलूप सोडवलं. तिथे एकूण पस्तीस मिनिटं होते. त्या वासाबद्दल लिहीत नाही.

कुलूप घेऊन आम्ही दोघं जानूकाकांच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. त्यांनी ते हातात वळवलं, डोळ्याजवळ नेलं आणि हे गेलं म्हणाले. कोल्हापूरहून नवं मागवतो, चार दिवसांत येईल, त्याच्याबरोबर दोन नव्या चाव्या येतात, काही कटकट नाही. बाबा म्हणाले, "नवं चालेल. पण चावी हीच लागली पाहिजे." काकांनी समजावलं की गाडी सुरू करायला आणि दारांना जुनी, डिकीला नवी, अशीच निम्मी रत्नागिरी फिरते. बाबा ऐकेनात. तेव्हा काका म्हणाले, "रावजी, एक चावी जास्त झाली तर खिसा फाटणार आहे काय? घरात माणसं दोन, नव्या चाव्या दोन. एकेक घ्या नि सुखी व्हा." मीही काकांच्याच बाजूने बोलणार होते, कारण हिशेब बरोबर होता. तेवढ्यात बाबा काउंटरकडे बघत म्हणाले, "या गाडीच्या चाव्या दोन आहेत. एक देवरूखला असते."

आई, तू बढती घेऊन देवरूखच्या शाळेत गेलीस त्याला एकोणीस महिने झाले. या एकोणीस महिन्यांत बाबांच्या तोंडून त्या गावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. बातम्यांत देवरूख आलं तरी ते उठून पाणी प्यायला जातात. "जायचं तर जा" हे त्यांनी म्हटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं होतं. तू खरोखर जाशील असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि ते तुला थांबवणारच नाहीत असं तुला वाटलं नव्हतं, हेही मला कळलं होतं. मी काही बोलले नाही. पर्समध्ये गाडीची चावी तशीच राहिली आहे, हे तू मला संगमेश्वरला पोचल्यावर फोनवर सांगितलंस. राहू दे, असं मी म्हटलं. त्यानंतर ना तू ती परत पाठवलीस, ना बाबांनी मागितली.

दुकानात जानूकाकांनी कुलूप काउंटरवर ठेवलं. "बाईंची चावी चालायला पाहिजे, असं सांग ना मग सरळ," ते म्हणाले. "पण ते किचकट काम आहे. जुन्या कुलपातल्या पत्र्या काढून नव्यात बसवायच्या. माझे डोळे आता त्यातले राहिले नाहीत." मी म्हटलं, मी करते. काका हसले आणि म्हणाले, कारखान्यात मापं तपासणं वेगळं नि कुलपाचं पोट फाडणं वेगळं. तेव्हाच मी ठरवलं की हे जमलंच पाहिजे.

आता आतली रचना थोडक्यात सांगते. चावी जिथे शिरते त्या नळीत पितळेच्या आठ पातळ पत्र्या उभ्या असतात, प्रत्येकीच्या बाजूला एक बारीक स्प्रिंग. चावीच्या खाचा त्या पत्र्यांना ठरावीक उंचीवर धरतात. आठही पत्र्या नळीच्या काठाशी सपाट आल्या की नळी फिरते. एक जरी बाहेर डोकावली तरी नाही. म्हणजे चावीची ओळख कुलपाला नसते, या आठ पत्र्यांना असते. त्या उचलून नव्या कुलपात त्याच क्रमाने लावल्या की नवं कुलूप जुनी चावी घेतं. ऐकायला सोपं आहे. एक स्प्रिंग उडून तुळशीच्या कुंडीत गेली आणि ती शोधण्यात माझा शनिवार गेला.

पण सापडली ती गोष्ट वेगळीच. जुनी नळी मी पांढऱ्या कागदावर उघडली तर आत पितळ दिसेचना. लालभडक, चिकट, मेणासारखा थर होता. मी चिमट्याच्या टोकाने खरवडला, वास घेतला. खोबरेल तेल आणि कुंकू! दसऱ्याला गाडीची पूजा करताना तू काय करायचीस ते मला नीट आठवतं. बिजागऱ्यांना वातीच्या टोकाने तेलाचा थेंब, आणि कुलपाच्या शेजारी, पत्र्यावर, करंगळीने कुंकवाचं एक बोट. शेजारी, आत नाही. गेले दोन दसरे ही पूजा बाबांनी केली. मी दोन्ही वेळा कामावर होते. तेल आणि कुंकू लागतं एवढं त्यांच्या लक्षात होतं, कुठे ते नव्हतं. म्हणून त्यांनी तेलही नि कुंकूही चावीच्या भोकात घातलं. दारांच्या भोकांना सरकतं झाकण आहे म्हणून ती वाचली. मी तो कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "कमी पडायला नको म्हणून जरा जास्त घातलं." जानूकाकांना हे कळलं तेव्हा ते स्टुलावरून पडायचे बाकी होते. "रावजी, कुलपाची पूजा करायची असते रे, त्याला जेवू घालायचं नसतं!"

आठपैकी सहा पत्र्या पेट्रोलमध्ये स्वच्छ झाल्या. तिसरी आणि सातवी त्या पक्कडीच्या जोराने वाकून चिरल्या होत्या. त्या जागी नव्या कुलपातल्या दोन घेऊन कानशीने घासायच्या, चावी आत ठेवून, जरा घासून, जरा तपासून. इथे खरी अडचण आली. कुठल्या चावीच्या मापाला घासू? बाबांची चावी मी व्हर्नियर मापकाने मोजली. सतरा वर्षं रोज वापरून तिची तिसरी खाच मिलिमीटरच्या दोन दशांश इतकी झिजली आहे, सातवीही जवळजवळ तेवढीच. तुझी चावी पर्समध्येच जास्त राहिली, ती नव्यासारखी असणार. जुन्या पत्र्यांनी सतरा वर्षांत दोन्ही चाव्यांशी जुळवून घेतलं होतं. नव्या पत्र्यांना ते येत नाही. बाबांच्या मापाला घासल्या तर तुझी चावी अडणार, आणि तुझ्या मापाला घासल्या तर बाबांची. दोन्हीकडून भरपूर घासल्या असत्या तर दोन्ही नक्की चालल्या असत्या, पण मग सुंदराबाईंच्या कपाटाचीही चालली असती. त्याला कुलूप म्हणता येत नाही.

मी दोन्ही पत्र्या मधल्या मापाला घासल्या. एक दशांश इकडे, एक दशांश तिकडे. हे पुस्तकात लिहिलेलं नाही आणि माझ्या खात्यात मी असं काम नापास करते. मग नळी बसवली, दांडी जोडली, डिकी आपटली, चावी घातली. फिरली नाही. चावी केसभर वर उचलून पुन्हा फिरवली आणि खट्! त्या आवाजाला मी ओरडले.

बाबा पायरीवर बसून होते. ते उठून आले, त्यांनी स्वतः डिकी चार वेळा लावली आणि चार वेळा उघडली. किंचित उचलायची सवय त्यांना दुसऱ्या वेळेलाच झाली. शाबास वगैरे ते म्हणत नाहीत, तुला माहीत आहे. त्यांनी फक्त विचारलं, "आणि दुसरी?" मी म्हटलं, हातात नसलेल्या चावीबद्दल खात्री देता येत नाही, अंदाज ऐंशी टक्के. ते म्हणाले, "शंभर कर." मी म्हटलं, त्यासाठी ती चावी इथे यावी लागेल, कुरियरने मागवू का? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अभियांत्रिकीची पदविका खिडकीतून मिळवली असावी. "कुरियरवर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. मग मी म्हटलं, मी गाडी घेऊन देवरूखला जाऊन येते, जायला तास-दीड तास तर लागतो. त्यावर ते बराच वेळ डिकीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "ब्रेक बघायला हवेत आधी. इतक्या लांब नको नेऊस." आणि आत गेले.

आई, ब्रेक उत्तम आहेत. मीच गेल्या महिन्यात बदलले. हवं तर मी उद्याही गाडी देवरूखला आणू शकते आणि तुझ्या शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटांत तपासणी उरकू शकते. पण मी आणणार नाही, आणि तूही ती चावी पाकिटात घालून पाठवू नकोस. तेवढं सांगण्यासाठीच हे पत्र आहे. तू शाळा सोडावीस असं मी म्हणत नाही. ती जागा तू मिळवली आहेस, आणि ते मी तेव्हाच मोठ्याने म्हणायला हवं होतं, बाबांसमोर. मी तुमच्या दोघांच्या मध्ये पडले नाही, त्याला मी समंजसपणा समजत होते. तो भित्रेपणा होता, हे आता लिहून टाकते. येत्या रविवारी चावी घेऊन ये. चालली तर चांगलंच. नाही चालली तर कानस, चिमटा आणि व्हर्नियर तयार आहेत, तू समोर बसलेली असताना मी हळूहळू घासेन, आणि या कामाला किती वेळ लागेल ते मला खरंच सांगता येणार नाही. स्टँडवर तुला घ्यायला कोण येईल हे आमचं अजून ठरलेलं नाही. पण रविवारला सहा दिवस आहेत, आणि बाबांनी आज सकाळीच गाडी धुतली.

तुझीच,
राही