अचूकता ४१ मी

३ मार्च, सोमवार
ऑफिसने मोबाइल दिला. शहरातले पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह नकाशाच्या अॅपवर चढवायचे. एकशे चाळीस माझ्याकडे, एकशे चाळीस नव्या बाईंकडे. साहेब म्हणाले, महिनाअखेर ज्याचं काम सरस तो फील्डवर राहील, दुसरा तळघरात, रेकॉर्ड रूमला. एकोणतीस वर्षं मी रस्त्यावर आहे. तळघरात मी जगणार नाही. संकल्प: आठवड्यात अॅप कोळून प्यायचं. ट्रेनिंगला बसलो नाही. मोजमाप माझ्या रक्तात आहे.

५ मार्च
अॅपमध्ये प्रत्येक ठिपक्याखाली 'अचूकता' म्हणून रकाना आहे. शाळेसारखे मार्क देतात. मला तीन मिळाले. आकड्यापुढे 'मी' लिहून येतं, म्हणजे मोजणारा मीच, मार्क दुसऱ्याच्या खात्यात जायची भीती नाही. चांगली सोय केलीय. बाईंनाही तीनच. जरा बरं वाटलं.

७ मार्च, स. ११
शोध लागला. उघड्यावर तीन-चारच्या वर गाडी जात नाही. दवाखान्याच्या जिन्याखाली उभा राहिलो, अकरा. अजून आत सरकलो, अठरा. बाई भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभ्या, आणि मिळवतात तीन. सांगावंसं वाटलं. पण स्पर्धा ती स्पर्धा.

१० मार्च
व्हॉल्व्ह रस्त्यात, ठिपका मात्र दवाखान्याच्या आत पडला. थोडा चपापलो. मग विचार केला, अठरा मार्कांचा ठिपका चुकेल कसा? चुकत आपणच असणार, इतकी वर्षं.

१४ मार्च
बायकोला मार्क दाखवले. ती कपडे शिवते. म्हणाली, मापाच्या कामात एवढे मोठे आकडे मला काही बरे दिसत नाहीत, माझा अर्धा इंच चुकला तरी कपडा परत येतो, त्या बाईंना विचारून घ्या. म्हटलं, कापड वेगळं आणि शहर वेगळं. तरी उद्या विचारीन, तिच्या समाधानासाठी.

१५ मार्च
विचारलं नाही. बाई कामात होत्या. पाणी पीत होत्या, पण मनाने कामातच.

२१ मार्च
रेकॉर्ड! पार्किंगच्या तळमजल्यात, खांबाला खेटून, एकेचाळीस. वॉचमनने दोनदा हटकलं. त्याला काय कळणार.

२६ मार्च
एकशे चाळीस पूर्ण. रिपोर्टवर ठळक अक्षरात लिहिलं: 'सर्वोच्च अचूकता ४१ मी'. बाईंनी वाचलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मीच म्हटलं, होईल, तुमचंही होईल हळूहळू.

२९ मार्च, दु. ४
दवाखान्यासमोर मोठी लाइन फुटली. फिटरचा फोन. म्हणे काका, व्हॉल्व्ह नकाशात एक्स-रेच्या खोलीत दिसतोय. म्हटलं, मग तिथेच असेल. म्हणे, पण तुम्हीच पायरीपासून नऊ पावलं सांगायचात ना? म्हटलं, तो जुना अंदाज, आता सायन्स आहे. शिवाय नकाशाबाहेर खोदायचं नाही अशी ऑर्डरच आहे.

सं. ६
एक्स-रेच्या खोलीची फरशी फोडली. खाली नुसती माती. तोवर पाणी दवाखान्यात घोट्यापर्यंत. एका आजीबाईंना खुर्चीसकट उचलून वर नेलं. शेवटी मी धावत गेलो, पायरीपासून नऊ पावलं टाकली. तिथेच होता. बंद केला.

३१ मार्च
साहेबांनी माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला आणि बाईंकडे बघितलं. बाई हळूच म्हणाल्या, काका, ठिपका किती चुकलेला असू शकतो, ते तो आकडा सांगतो, कमी तेवढा चांगला, आणि 'मी' म्हणजे मीटर. मी म्हटलं, माहीत होतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

३ एप्रिल
तळघर. एक ट्यूबलाइट, अकरा कपाटं. दुपारी बाई खाली आल्या. माझे एकशे चाळीस पुन्हा मोजायचेत, म्हणाल्या, जागा तुम्हालाच ठाऊक, दोन दिवस माझ्याबरोबर चला. मी डबा पिशवीत टाकलासुद्धा. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला: जायची गरज नाही, कागदावर लिहून द्या. ठीक आहे. सगळं तोंडपाठ आहे. उद्या दुपारच्या आत देतो.

४ एप्रिल
'दवाखाना, पायरीपासून नऊ पावलं.' पुढे शाळा. शाळेच्या फाटकापासून किती? उठलो, कपाटांच्या मधून चालून बघितलं. सहा पावलांवर भिंत लागते. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. रस्त्यावर असलो की पाय आपोआप थांबायचे. मला वाटायचं, मला पाठ आहे.

पाच वाजता बाई कागद न्यायला आल्या. त्यावर एकच ओळ होती. त्यांनी ती वाचली, कागदाची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि थँक्यू काका म्हणून वर गेल्या.