लग्नाची होडी आणि ओहोटी

प्रिय (हो, अजूनही प्रियच. हाताला दुसरं वळण नाही),

तुझं लग्न ठरल्याचं मला धक्क्यावर कळलं, तेही होणाऱ्या नवऱ्याच्या तोंडून. आपल्याच वर्गातला चष्मिस! लग्न पलीकडच्या काठावर, म्हणून आमची होडी ठरवायला आला होता. मला बघून आधी दचकला, मग खांद्यावर हात टाकून म्हणाला, अरे, तू इथे? कॉलेज सोडून नावाडी झालास होय! पूर्वीचा मी असतो तर तो हात मुरगळलाच असता.

आठवतं, भूगोलाच्या तासाला खाडी म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजलीस, हा बघा, धड नदी नाही, धड समुद्र नाही? अख्खा बाक हसला, चष्मिस सगळ्यांत जास्त. त्याच आठवड्यात तू मला नाही म्हणालीस आणि मी कोरा पेपर देऊन चालता झालो. तुला वाटलं असेल, राग आहे, उतरेल. नाही उतरला.

आता खाडी म्हणजे काय ते मी सांगतो. नदी समुद्राकडे निघते आणि समुद्र दिवसातून दोनदा तिला मागे रेटतो. भरतीला हे पाणी इतकं रुंद, इतकं शहाणं दिसतं की कुणीही फसावं. ओहोटी लागली की तेच पाणी काढता पाय घेतं, मधला वाळूचा उंचवटा वर येतो, आणि होडी त्यावर बसली की पाणी परत चढेपर्यंत देवसुद्धा तिला हलवू शकत नाही. खाली उतरावं तर गुडघाभर गाळ. चष्मिसला फोटोंसाठी सूर्यास्तच हवा होता. त्या दिवशी सूर्यास्ताला पाणी पार उतरलेलं असणार. मी म्हणालो, वा, झकास वेळ! मालक परगावी आहेत, सुकाणू माझ्याच हातात.

तेव्हापासून मी ते चित्र चघळतोय. नवरदेव कोटासकट गाळात, एक बूट हातात, दुसरा गायब. दोन्ही काठांवर बघे. तुझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसतायत आणि मी सुकाणूपाशी शीळ घालतोय. तुझी साडी चिखलात भिजेल, याचं वाईट वाटत नव्हतं. खरंच नव्हतं.

पण काल तुझे बाबा आले. म्हणाले, पोरीच्या आईचं एवढं मोठं ऑपरेशन झालंय, तिला फार वेळ बसवत नाही, नीट नेशील ना रे बाळा? मी वसतिगृहात तापाने फणफणलो होतो, तेव्हा काकूंनी आठवडाभर डबा पाठवला होता. तुला न सांगता. मी हो म्हणालो आणि इंजिन पुसत बसलो, पुसायला काही नसताना.

म्हणून हे पत्र. वेळ बदलून घे. भर दुपारी पाणी चढलेलं असेल, तेव्हा सगळ्यांना घेऊन ये. काकूंना मी स्वतः उचलून बसवीन, थेंब उडू देणार नाही. चष्मिसला कारण सांगू नकोस. त्याने सूर्यास्ताचाच हट्ट धरला, तर त्याला एकट्याला मागे ठेव. त्याच्यासाठी मी दुसरी फेरी मारीन. फुकट.

तुझाच, पण हे आता कुणापाशी बोलू नकोस,
नावाडी