गोळी घेतलेल्या इंदुमतीने दिलेले आमंत्रण

नंदनवन, नागपूर
वेळ: सकाळच्या चहानंतर, पूर्ण जागृतावस्थेत

मानाच्या विहीणबाई रुख्माबाई यांना इंदुमतीचा नमस्कार. (डाव्या हाताच्या शिरा सुयांनी सुजल्यामुळे दोन्ही तळवे नीट जुळत नाहीत, म्हणून नमस्कार किंचित तिरका आहे, मानात कमतरता समजू नये.) आपले गुडघे कसे आहेत? गुलाबचंदजींचा रक्तदाब अलीकडे औषधाचे ऐकतो की नाही? भिवापूरला ढग आले होते असे कळले. अंगणात वाळत घातलेली मिरची वेळेत उचलली गेली असेल अशी आशा करते. पत्रात 'इकडे सर्व कुशल आहे' असे लिहिण्याची पद्धत आहे आणि मी पद्धत मोडणारी बाई नाही. तरी केमोथेरपी चालू असलेल्या घरात जेवढे कुशल असू शकते तेवढेच ते आहे, एवढी दुरुस्ती शास्त्रीय अचूकतेसाठी करते.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी एक कोडे आपल्यापुढे मांडते. ते आपण आपल्याच बैठकीत अनेकदा पाहिले असेल. गुलाबचंदजी दुपारी जेवून टीव्हीसमोर बसतात. हळूहळू मान छातीवर येते, तोंड उघडते, घोरणे सुरू होते. आपण दया येऊन टीव्ही बंद करता, आणि नेमके त्याच क्षणी ते डोळे उघडून विचारतात, "काहून बंद केला वं? मी पाहून राहिलो ना." आता प्रश्न असा, की हे गृहस्थ खोटे बोलत आहेत काय? मुळीच नाही. (मी विहीण म्हणून त्यांची बाजू घेते असे समजू नये; मी विज्ञानाची बाजू घेते आहे.) ते झोपले होते हे खरे, आणि आपण झोपलो नव्हतो अशी त्यांची प्रामाणिक खात्री आहे हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

याचे उत्तर देण्यासाठी मला शाळेचा दाखला घ्यावा लागेल, कारण जन्मभर तिथेच विज्ञान शिकवले. झोप ही दिव्यासारखी एका बटणाने सगळ्या घरात एकदम येत नाही. ती शाळा सुटण्यासारखी येते. घंटा होते आणि सर्वांत आधी कुलूप लागते ते कार्यालयाला. हजेरीपट आत, लिपिक घरी. पण मैदानावर मुले उशिरापर्यंत खेळतच असतात, एखादा वर्गात परत जाऊन फळ्यावर काहीबाही लिहितो, एखादा पाण्याचा नळ उघडा ठेवतो. हे सगळे घडते, मात्र त्याची नोंद कुठेच होत नाही. मेंदूचेही तसेच आहे. आठवणींची नोंद घेणारा विभाग आधी मिटतो. बोलणारा, चालणारा आणि (दुर्दैवाने) फोन लावणारा विभाग काही वेळ मैदानावर राहतो. गुलाबचंदजींच्या बाबतीत हा काळ अत्यल्प असल्यामुळे त्यांच्या हातून टीव्हीच्या रिमोटपलीकडे काही बिघडत नाही. माझ्या बाबतीत मात्र हा काळ एका गोळीने लांबवला, आणि त्यातूनच आपल्याला तो फोन आला. म्हणून हे पत्र फोनवर न बोलता हाताने लिहिते आहे. फोनवर माझी विश्वासार्हता संपली आहे. अक्षर मात्र अजून ओळीत चालते, हे आपण पाहतच आहात.

गोळी का घ्यावी लागली तेही क्रमाने सांगते. सलाईनच्या दिवशी मळमळ होऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात. ते औषध पोटाला शांत करते आणि उरलेल्या बाईला पेटवते. त्याच्या अमलाखाली मी सगळ्या खोल्यांचे पंखे पुसले, मसाल्याचे डबे आधी उंचीप्रमाणे, मग वर्णानुक्रमाने लावले, आणि तरीही डोळा लागेना. आमच्या डॉक्टर रीना मॅडमनी झोपेची गोळी लिहून दिली आणि बजावले, की गोळी घ्यायची ती अंथरुणावर बसूनच, आणि घेतल्याबरोबर आडवे व्हायचे. सूचना इतकी सोपी होती, की माझ्यासारख्या शिक्षित बाईला तीत सुधारणा करावीशी वाटणे स्वाभाविक होते. औषध घ्यायचे आणि त्याचा परिणाम नक्की केव्हा सुरू होतो हे पाहायचेच नाही? मी खुर्चीत बसून मोठ्याने मूलद्रव्यांची आवर्तसारणी म्हणू लागले. योजना अशी, की जिथे अडखळेन ती परिणामाची सुरुवात. प्रयोगात दोष एवढाच निघाला, की निरीक्षक आणि उंदीर एकच होता. मी कुठे अडखळले ते अजूनही कळलेले नाही. सकाळी अंथरुणातच जाग आली, झोप उत्तम लागली होती, आणि तोंडात आग होती.

ती आग म्हणजे आपला ठेचा. आपण संक्रांतीला पाठवलेली बरणी मी फ्रिजच्या सर्वांत मागे ठेवली होती, कारण केमोने तोंडात फोड येतात आणि मॅडमनी तिखट वर्ज्य केले आहे. ती बरणी रिकामी होऊन, धुऊन, ओट्यावर पालथी घातलेली सापडली. (झोपेतही मी भांडे खरकटे ठेवत नाही, हे आपण आपल्या लेकीच्या, मयुरीच्या कानी घालावे ही विनंती.) दिवसा मला वरणभातही लोखंडाच्या खिळ्यासारखा लागतो, झोपेत मात्र अख्खी बरणी संपवण्याइतकी चव परत आली. या विसंगतीचे स्पष्टीकरण मला अद्याप सापडलेले नाही.

प्रयोग एकाच निरीक्षणावर थांबवणे अशास्त्रीय ठरले असते, म्हणून तो पुन्हा केला. त्या सकाळी आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी बाबाराव दारात उभे. चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा.

"मॅडम, रात्री तुम्ही आमचं दार वाजवून मले सोळाचा पाढा म्हणायले लावला."

मी म्हटले, असे होणे शक्य नाही. आणि समजा लावला, तरी आपण म्हणायचा नाही.

"म्हणू नाही त काय करू? डोक्यावर एक केस नाही, अंगावर पांढरी शाल, अन् अंधारात उभं राहून 'सोळा सत्ते?' मले वाटलं आमचे बाबाच आले वापस. ते असंच उठवून विचारत."

त्यांचे वडील जाऊन बराच काळ झाला आहे. मी क्षमा मागितली आणि (सवयीने) पाढा बरोबर आला का असे विचारले. सोळा सत्ते एकशे चौदा म्हणाल्याचे त्यांनी कबूल केले. बाबा असते तर कान धरला असता, मॅडमनी नुसतं 'बस खाली' म्हटलं, असेही सांगून ते गेले.

यावर मी बंदोबस्त केला. झोपेतली इंदुमती गॅसपर्यंत पोचू नये म्हणून शेगडीच्या बटणांना सुती धागा गुंडाळून आमच्या घराण्याची गाठ मारली. माझे वडील उमरेडचे विणकर. त्यांची ती गाठ मागावरच्या ताणातही सुटत नसे, आणि मला जागेपणी आजतागायत ती सोडवता आलेली नाही. सकाळी पाहते तो गाठ सुटलेली, आणि सगळा धागा एका पेन्सिलीवर अगदी एकसारखा गुंडाळून ठेवलेला. लहानपणी शाळेला जाण्यापूर्वी आम्ही मुली मागासाठी अशाच कांड्या भरत असू. म्हणजे माझ्यात एक इंदुमती अशी आहे, जिला माझ्यापेक्षा जास्त येते, हे मला निवृत्तीनंतर कळले. सुदैवाने तिने गॅस पेटवला नव्हता. आता दिवेलागणीला लायटर आणि मोबाईल दोन्ही बाबारावांकडे जमा होतात.

पण मोबाईलचा हा नियम होण्यापूर्वीच आपला तो फोन होऊन गेला होता. त्याची बातमी मला पुण्याहून आपली कन्या, म्हणजे माझी सून मयुरी हिने दिली. तिच्या सांगण्यानुसार मी आपल्याला उठवून म्हटले, की उपचार संपेपर्यंत माझ्याकडे राहायला या, माझ्या हातचे जेवा, आणि मला रात्री फार भीती वाटते. त्यानंतर मी रडले, आणि बराच वेळ रडले. आपण विहीण. विहिणीने बोलावले तर नाही म्हणायचे नाही आणि तिने फोन ठेवण्याआधी आपण ठेवायचा नाही, या मर्यादेपायी आपण थंडीत बसून सगळे ऐकून घेतलेत. मग सकाळी मयुरीला फोन करून म्हणालात, "तुह्या सासूले एकटं काहून ठेवलं वं? ईनबाई लेकरावानी रडून राहिल्या होत्या. मी जाऊन राहिली तिकडं." आपल्या जावयाला, म्हणजे माझ्या चेतनला हे कळताच तो बिनपगारी रजा काढायला निघाला, त्याला मी कसेबसे थोपवले आहे.

तेव्हा या पत्राचा उद्देश असा, की आपण बांधलेली पिशवी सोडावी. आमंत्रण देणारी इंदुमती आणि मी यांची ओळखसुद्धा नाही. तिने दिलेला शब्द मला बंधनकारक धरू नये. रडणे हादेखील गोळीचाच परिणाम समजावा. ठेचा खाणे आणि शेजाऱ्याला पाढे विचारणे यांच्याच रांगेत तो बसतो. शिवाय आपली अडचण मी जाणते. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचे नाही, हा आपल्या घरचा रिवाज. लग्नापासून आपण जेव्हा जेव्हा आलात, भिवापूरहून पाण्याची बाटली घेऊन आलात आणि माझा चहा नुसता पाहून गेलात. असे आपण किती दिवस राहणार? आपला मिरचीचा हंगाम आहे, गुडघे आहेत, गुलाबचंदजी आहेत. मी इथे ठीक आहे. एकटे राहण्याची मला सवय आहे, झोप उत्तम लागते, आणि कशाचीही भीती वाटत नाही. सर्वांना यथायोग्य नमस्कार.

आपली विहीण,
इंदुमती

ता. क. वर 'झोप उत्तम लागते' असे लिहिले आहे, त्यात एक तपशील राहिला. मी सगळा प्रकार रीना मॅडमना सांगितला. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. काही जणांना ही गोळी अशी वागवते, म्हणाल्या. ती घ्यायची तर घरात दुसरे माणूस झोपायला असलेच पाहिजे, नाहीतर आजपासून बंद. म्हणून काही रात्री गोळीवाचून काढल्या आहेत. त्या रात्री पंखे पुसून झालेले असतात. मग छताकडे पाहत पडते आणि पुढच्या तपासणीत काय निघेल याचा विचार करते. गोळी न घेता केलेल्या या निरीक्षणात असे आढळले, की भीती हा गोळीचा परिणाम नव्हे. ती आधीपासून होती. गोळीने फक्त फोन लावला.

आणखी ता. क. आपल्या रिवाजावर मी शांतपणे विचार केला. मुलीच्या घरचे अन्नपाणी वर्ज्य, हे मान्य. पण मुलीचे घर कोणते? मयुरी राहते पुण्यात. तिची चूल पुण्यात, तिचे पाणी पुण्याचे. नंदनवनातले हे घर माझे आहे आणि इथली चूल माझी. म्हणून आपण इथे जेवलात तर ते एका आजारी मैत्रिणीकडे जेवणे होईल, आणि मैत्रिणीकडे जेवू नये असा रिवाज भिवापुरातसुद्धा असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गुलाबचंदजींना हा युक्तिवाद पटला नाही, तर त्यांना टीव्हीसमोर बसवून, थोडा वेळ थांबून, मग विचारावे.

शेवटचे ता. क. पलंग खिडकीजवळ लावला आहे. जिना चढताना गुडघ्यांसाठी बाबाराव हात देतील. ठेचा आणू नये. आणलाच तर आपल्या पिशवीत कुलूपबंद ठेवावा. आता आपल्याला शंका येईल, की हे आमंत्रण तरी कोणत्या इंदुमतीचे? शंका रास्त आहे, आणि तिच्यासाठी एक सोपी चाचणी आहे. गोळी घेतलेली बाई काहीही कबूल करू शकते, पण दुसऱ्या दिवशी तिला ते आठवत नाही. तेव्हा पत्र मिळाल्यावर भर दुपारी मला फोन लावा, नुसते 'हॅलो' म्हणा आणि गप्प राहा. मी आपल्या गुडघ्यांची आणि मिरचीची चौकशी करू लागले, तर हे पत्र फाडून टाका. पण मी काही न विचारता आधी 'किती वाजताच्या एसटीने येता?' एवढेच म्हटले, तर समजा की मी जागी होते.