मागे वळायचं नाही

२ फेब्रुवारी, वाई

प्रबंध संपला! संपला एकदाचा! सांगलीला माझ्या मार्गदर्शकांकडे फोन लावला. सरांच्या पत्नीने, पद्माकाकूंनी, सरांना दिला. "सर, उत्कर्षा बोलतेय, झालं लिहून!" तर म्हणतात, "यंत्र मागे वळतं का?" अभिनंदन नाही, काही नाही!

नाही हो वळत. तीच तर सगळी गंमत. माझं यंत्र फक्त कागदावरचं, गणितातलं. त्याला स्मृती चिमूटभर, अंदाज बांधायची मुभाही मोजकी. बांधलेला अंदाज एकदाच वाचायचा आणि पुढे सरकायचं, परत बघायची सोय नाही. एवढ्या गरिबीत त्याला काय काय जमतं, यात माझी पाच वर्षं गेली. सगळं तिसऱ्या प्रकरणातल्या सिद्धतेवर उभं आहे. ती सरांकडे दिवाळीपासून पडलीय.

९ फेब्रुवारी

सांगलीला जाऊन आले. सरांचा तोच प्रश्न. चहाआधी, चहा पिताना, मी चपला घालताना. शेवटी ओरडलेच — "नाही म्हटलं ना!" काकू जिन्यापर्यंत आल्या. "मनावर घेऊ नकोस गं. हल्ली एकच धरून बसतात."

लाज वाटतेय. भीती त्याहून जास्त. ते माणसं ओळखतायत तोवर प्रबंध त्यांच्या हातात द्यायचाय. बाकी काही नको.

१५ फेब्रुवारी

छापून आला. आईने गल्लीभर पेढे वाटले.

१७ फेब्रुवारी

मेले मी.

पान ४३. सहज चाळत होते. उत्तराची वाट सापडल्यावर ती खरी आहे का बघायला यंत्र पहिला अंदाज परत वाचतं! साठवलाय कुठे? तेवढी जागाच नाही त्याला! आणि मी बिनदिक्कत लिहिलंय — 'आता पुन्हा सुरुवातीपासून'. मला आठवतं म्हणून त्यालाही आठवेल असं धरून चालले. सिद्धता गेली. तिच्यामागे सगळंच गेलं.

१८ फेब्रुवारी

दुरुस्त होत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी, सांगली

सरांना सांभाळायला आता जोतीराम असतो. दारातच म्हणाला, "ताई, सर आज लय गप हायती. जास्त बोलू नगा."

सर खिडकीपाशी. "यंत्र मागे वळतं का?"

"वळतं सर. पान ४३."

केवढे हसले! माझा हात घट्ट धरला. "तुम्हालाही सापडलं ना? मग एक काम करा. आमच्या उत्कर्षाला सांगा. दिवाळीपासून सांगायचंय, ती आली की नेमकं विसरतो. हळू सांगा हं, पोर खचेल."