खुंटीवरचा भोपळा

माघ वद्य पंचमी, शके १८३६

आज महादूच्या पलटणीतला गडी हातकणंगल्याहून भेटायला आला. महादू लढाईत गेल्याचं सरकारनं कळवलंच होतं. कसा गेला, ते आज कळलं. तेव्हापासून नजर सारखी खुंटीवरच्या त्या भोपळ्याकडं जातेय. हाच सुका भोपळा पाठीला बांधून मी धाकट्या भावाला, महादूला, पंचगंगेत पोहायला शिकवलं होतं.

गडी सांगत होता, बसऱ्याकडं मोठ्या बोटीतून त्यांना लहान नावांत उतरवलं. काठावरून गोळ्या सुरू, आणि नाव अलीकडंच गाळात अडकली. साहेब ओरडला, पोहता येणाऱ्यांनी उतरून नाव ओढा. पहिली उडी महादूची. पायात बूट, कमरेला काडतुसं. वर आलाच नाही.

“आणि तुम्ही?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“मला पवायला येत न्हाय, दादा. नावंतच बसून ऱ्हायलो.”

मी शिकवलं नसतं तर? चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या आईच्याही मनात हेच आलं असेल का? तिच्या तोंडाकडं बघायचा धीर झाला नाही.

ती उठली. खुंटीवरचा भोपळा काढून तिनं चुलीत घातला. मग त्या गड्याला म्हणाली, “पावणं, तुम्ही कधी पवायला शिकू नगासा.”