तिसरी फळी

पाली, मंगळवार

प्रिय केशरचे बाबा,

जयभीम. 'प्रिय' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. राग हाय तसाच हाय, पण पत्राची सुरुवात कुठून तरी करावीच लागते.

केशर आता बरी हाय. तिचं इन्सुलिन डॉक्टरांनी सांगितलं तसं माठातल्या ओल्या वाळूत ठेवत होते, पण टँकर आठ-आठ दिवस येईना. वाळू सुकली, औषध खराब झालं अन् पोरगी शाळेत चक्कर येऊन पडली. तुमी जाताना म्हणला होता, पोरीला भावाकडं ठेव अन् तू माझ्यासंगं ऊसतोडीला चल. भावाकडं तिला सुई कोण टोचणार हो?

दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, तशी आपली दूध सोसायटी बंद पडली. तिचा ट्रॅक्टरमागं ओढायचा पत्र्याचा डबा गंजत पडला होता. इतकी वर्षं मी सोसायटीत दुधाचं फॅट काढलं, त्या हक्कानं मीटिंगीत उभी राहिले अन् केशरला संगं घेऊन तोडीवर यायला डबा हंगामापुरता मागून घेतला. बीडच्या गॅरेजवाल्या वाहेदभाईंनी त्याचं घर केलं. टपावर सोलर, आत औषधापुरता फ्रिज, झोपायला तीन फळ्या.

घोडं अडलं ते बॅटरीपाशी. आधी फळीखालीच कप्पा केला. धूळ जाऊ नये म्हणून मीच हट्टानं ट्यूबचं रबर लावून त्याची बाहेरची भोकं बुजवली. नको तिथं शहाणपण! बॅटरी चार्जिंगला लावली होती, केशर आत खेळत होती, ती खोकत बाहेर आली. डब्यात सडक्या अंड्यासारखा वास. वाहेदभाईंनी तिला उचलून लांब नेलं, कुणाला काडी ओढू देईनात. गॅस कोंडला होता म्हणाले, एका ठिणगीत डबा उडाला असता. मी लई घाबरले हो.

मग ते म्हणाले, बॅटरी आतच ठेवायची तर भिंत घालून, बाहेर नळी काढून मोठा कप्पा करावा लागंल, त्यात तिसरी फळी जाईल. न्हाईतर बाहेर, ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीवर जाळीची पेटी, पण तिथं चोराचं भ्या. भाभी, झोपणार किती जण? मी चहा ठेवायला उठले.

कारण तुमच्या टोळीतला सटवा गावी आलाय. एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो ना, तर तुमचा कोयता पुरा झालाय म्हणे. तुमी ऊस तोडता, कुणी बायनाबाई मोळ्या बांधती. निस्ती फडातच जोडी हाय का खोपीतबी, हे इचारायची माझी छाती झाली न्हाई. तिच्यावर राग न्हाई, पोट तिलाबी हाय. तुमच्यावर हाय.

शनिवारी ट्रॅक्टर आमाला घेऊन तुमच्या कारखान्याकडं निघतोय. हे पत्र सटवाच्या हाती पुढं धाडते, कारण समोरासमोर मी रडीन अन् तुमी खोटं बोलाल. बॅटरी बाहेर जाळीच्या पेटीत ठेवली, पेटीला दोन कुलपं लावली. तिसरी फळी तुमच्या उंचीची कापलीय. आमच्यात यायचं असंल तर फडाच्या वाटेवर येऊन उभे ऱ्हावा. दिसला न्हाईत, तर मी काही इचारणार न्हाई. त्या फळीवर केशरचं दप्तर ठेवीन.

अजून तरी तुमचीच,
सिंधू